14416 वर खरे बोलल्यानंतर निर्णय कोणाचा राहतो? ‘टेलि-मानस’ सेवेचे सोलापुरातून केलेले परीक्षण

केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या दूरध्वनीवरील मोफत मानसिक आरोग्य सेवेचे हे परीक्षण आहे. 14416 हा तिचा क्रमांक अनेकांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो, पण तो वाचणाऱ्या अडचणीतल्या माणसाच्या मनात जो पहिला प्रश्न येतो त्याचे उत्तर कोणत्याही फलकावर दिलेले नसते. मी या लोकांना खरे सांगितले, तर पुढचे काही माझ्या हातात राहील का? घरी कळवतील का, पोलीस येतील का, मला विचारल्याशिवाय कुठे नेऊन ठेवतील का? विजापूर रस्त्यावरील मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी काम करते. ही सेवा मी याच प्रश्नाच्या कसोटीवर पाहिली आणि त्याच कसोटीवर तिच्याबद्दल लिहिते आहे.

जगणे नको असे विचार या क्षणी मनात असलेले कोणी हे वाचत असेल, तर परीक्षण पूर्ण वाचण्याची गरज नाही. 14416 लावावा. धोका अगदी समोर असेल तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावावा आणि जवळच्या एका माणसाला आपल्यापाशी बोलावून घ्यावे.

सेवेची माहिती थोडक्यात अशी. 2022-23 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि 10 ऑक्टोबर 2022 रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिचे केंद्रीय मार्गदर्शन करते. सेवा चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि फोन लावल्यावर आधी भाषा निवडता येते. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज भासली तर ते मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे जोडून देतात. देशभरात मिळून ही सेवा वीस भाषांत दिली जाते आणि त्यांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दूही आहेत. ज्या शहरात पूर्व भागातील कित्येक घरांत चुलीपाशी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलली जाते, त्या शहराला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. दुःख माणूस ज्या भाषेत भोगतो त्याच भाषेत ते नीट सांगू शकतो.

आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने, वय वर्षे एकोणीस, मला एका रात्री सांगितले की तिला जगावेसे वाटत नाही. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. मी तिला विचारले, तिने मान हलवली, आणि आम्ही स्पीकरवर फोन लावला. समुपदेशक बाईंनी सर्वांत आधी खोलीत आणखी कोण ऐकत आहे हे विचारले. मी आहे असे सांगितल्यावर त्यांनी मला बाजूला ठेवून थेट तिला विचारले की रेक्टर मॅडमनी थांबावे असे तुम्हाला वाटते, की बाहेर जावे. तिने मला थांबवून घेतले. मी जर बाहेर गेले असते, तर तो तिचा निर्णय म्हणून गेले असते. ही एवढीशी गोष्ट मला त्या संपूर्ण संभाषणाची किल्ली वाटते, कारण त्यानंतर तिच्या बोलण्यातला सूर बदलला.

पुढचा प्रश्न आडवळणाने आला नाही. स्वतःचे जीवन संपवण्याचा विचार मनात येतो का, आज रात्री तो किती जोरात आहे, काही ठरवले आहे का, हे त्यांनी साध्या, सरळ मराठीत विचारले. असे उघड विचारल्याने विचाराला खतपाणी मिळते अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. मीही अनेक पालकांकडून ती ऐकली आहे. या विषयात काम करणारे तज्ज्ञ मात्र नेमके उलटे सांगतात: थेट आणि शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते. मी ते समोर घडताना पाहिले.

खरी परीक्षा घरी कळवण्याच्या मुद्द्यावर झाली. आईवडिलांना सांगायचे नाही, हे तिने ठामपणे सांगितले. दुसरे कोणी असते तर ‘अहो, आईवडील शत्रू असतात का’ असे म्हणून मोकळे झाले असते. माझ्याही ओठांवर तेच आले होते. समुपदेशक बाईंनी तिच्याशी वाद घातला नाही आणि तिचे म्हणणे सोडूनही दिले नाही. आईवडिलांना कळले तर काय होईल असे वाटते, हे त्यांनी विचारले. शिक्षण थांबवून गावी नेतील, हे उत्तर आले. मग ज्याला कळले तर शिक्षण थांबणार नाही असे घरातले कोण आहे, हा प्रश्न आला, आणि बऱ्याच वेळाने तिने बार्शीच्या मामींचे नाव घेतले. त्या रात्री मामींना फोन तिने स्वतः केला. पुढे जवळ ठेवणे धोक्याचे असे काय आहे ते कोणाच्या ताब्यात द्यायचे, विचार पुन्हा उसळला तर पहिल्यांदा काय करायचे, मग कोणाकडे जायचे, मग कोणता क्रमांक लावायचा, हे तिच्याकडूनच वदवून घेऊन तिच्याच वहीत लिहायला लावले गेले. या पद्धतीला सुरक्षा आराखडा म्हणतात. वाक्ये तिची होती, म्हणून ती वही तिने नंतर उघडली. माझ्या हातच्या सूचना तिने बहुधा घडी करून ठेवून दिल्या असत्या.

नंतर सेवेकडून विचारपूस करणारा फोन आला. शिष्टाचार म्हणून तो नजरेआड करण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक केंद्र आपले चेन्नई होते. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या 1867 व्यक्तींपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले, तर काहींना त्याच्या जोडीला थोडे समजावून सांगणे आणि पुढील अठरा महिने अधूनमधून भेट किंवा फोन एवढेच मिळाले. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण 2.2 टक्के होते, तर विचारपूस होत राहिलेल्या गटात ते 0.2 टक्के होते. त्या कामात कोणाला कोंडले नव्हते, कोणावर सक्ती केली नव्हती. माणसाचे स्वातंत्र्य जपणे आणि त्याचा जीव वाचवणे या दोन गोष्टींत एक घेतली की दुसरी सोडावी लागते, असे मानणाऱ्यांनी हे आकडे जवळून पाहावेत.

याच्या अगदी उलट अनुभव मी एका आप्ताच्या बाबतीत शहरातल्या एका खासगी रुग्णालयात घेतला आहे. प्रयत्नातून वाचलेल्या त्या प्रौढ माणसाचा मोबाइल काढून घेतला गेला, खोलीला बाहेरून कडी लागली, औषध कशाचे आहे हे त्याच्या मुलाला सांगितले गेले आणि त्याला सांगितले गेले नाही. प्राण वाचले, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे ऋण आहेच. पण घरी आल्यावर तो माणूस पुन्हा कोणत्याही डॉक्टरकडे गेला नाही, आणि मनात काय चालले आहे हे त्याने त्यानंतर कुणालाही सांगितलेले नाही. खरे बोलल्यावर काय होते ते त्याने पाहिले होते.

हे असे करणे कायद्यालाही धरून नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 मध्ये झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. संमती नसताना रुग्णालयात दाखल करून घ्यायचे, तर कलम 89 प्रमाणे दोन तज्ज्ञांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ हवा. मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते. कमीत कमी निर्बंधांचा दुसरा मार्ग उरलेला नाही असे दिसावे लागते. आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमण्याचा अधिकारही हाच कायदा प्रत्येक प्रौढाला देतो. सोलापुरात हे किती जणांना ठाऊक आहे? बार्शीच्या मामी आता त्या विद्यार्थिनीच्या अशा नामनिर्देशित प्रतिनिधी आहेत. साध्या कागदावर दोघींच्या सह्या एवढेच त्यासाठी लागले.

याच अधिनियमात एक अवघड गाठ आहे, आणि स्वायत्ततेचा सगळा वाद त्या गाठीत सापडतो. कलम 4 म्हणते की उपचारांबाबत कोणी घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, तरी तेवढ्यावरून त्या व्यक्तीची निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. कलम 115 म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे मानावे आणि तिच्यावर खटला चालवू नये. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. पहिले कलम माणसाच्या शब्दाला मान देते; दुसरे त्याला शिक्षेतून सोडवताना ‘त्या वेळी तू पूर्णपणे तुझा नव्हतास’ असे गृहीत धरते. काही विचारवंतांना यात अपमान दिसतो. मला दिसत नाही, पण त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण हेच गृहीत पुढे ओढत नेले की कडी लावलेल्या खोलीपर्यंत पोचता येते.

न्यायालयांनीही हा प्रवास सरळ रेषेत केलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम 309 घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तोच निष्कर्ष दिला आणि 1996 मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवून जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात हा सरसकट गुन्हा उरला नाही; लोकसेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 मध्ये राहिला. थोडक्यात, 14416 वर मनातले बोलल्याने ‘केस होते’ ही भीती निराधार आहे. वसतिगृहातल्या मुलींमध्ये ती अजून आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

या विषयावर आपल्याकडे चर्चा निघाली की कोणी तरी विनोबांचे उदाहरण देतो. 1982 मध्ये आजारपणात त्यांनी अन्न व औषध थांबवले आणि पवनारला देह ठेवला. कोणी जैन धर्मातील संथाऱ्याचे, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताचे, उदाहरण देतो, ज्यावर राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. आयुष्याच्या शेवटी उपचार नाकारण्याचा प्रश्न खरा आहे, गंभीर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी असाध्य अवस्थेतील रुग्णांसाठी त्याला उत्तरही दिले आहे. पण परीक्षेत नापास झालेल्या, फसवणूक झालेल्या किंवा कर्जाच्या हप्त्याने घेरलेल्या माणसाच्या रात्री दोनच्या फोनला ती मोजपट्टी लावणे मला क्रूर वाटते. पहिल्या ठिकाणी आयुष्याच्या अखेरीस, सावकाश, आप्तांच्या देखत घेतलेला निर्णय असतो. दुसऱ्या ठिकाणी माणूस एका क्षणी मरण मागतो आणि त्याच क्षणी कोणी तरी फोन उचलावा असेही मागतो. त्या दोन मागण्यांपैकी पहिलीच तेवढी त्याची खरी इच्छा आहे, हे कोणी ठरवले?

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध पुलावर 1937 ते 1971 या काळात अखेरच्या क्षणी रोखल्या गेलेल्या 515 व्यक्तींचे पुढे काय झाले, हे रिचर्ड सायडेन या संशोधकाने शोधले आणि 1978 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे 94 टक्के व्यक्ती नंतर हयात होत्या किंवा नैसर्गिक कारणाने वारल्या होत्या. रोखलेला माणूस दुसरा मार्ग शोधतोच, हे आपण सहज बोलून जातो; हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खोटे आहे. म्हणूनच अशा वेळी थोडा अवधी मिळवून देणे म्हणजे माणसाचा निर्णय हिरावून घेणे असे मी मानत नाही. त्या अवधीत तो पुन्हा निर्णय घेऊ शकेल अशा स्थितीत येतो, आणि जो निर्णय मागे घेता येत नाही तो सर्वांत वाईट तासात घेतला जाऊ नये एवढीच ही मागणी आहे.

तरीही एक कडेलोटाचा प्रश्न उरतो. फोनवरचा माणूस धोक्यात आहे आणि मदत पाठवू नका म्हणतो, तर सेवेने काय करावे? जगातील सेवांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. चॅड वारा यांनी 1953 मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या समॅरिटन्स या संस्थेने, काही अपवाद सोडून, फोन करणाऱ्याच्या संमतीशिवाय मदत न पाठवण्याची परंपरा ठेवली. विश्वास बसल्याशिवाय माणूस फोनच करणार नाही, हा त्यामागचा विचार आहे. अमेरिकेत 16 जुलै 2022 पासून सुरू झालेल्या 988 या सेवेत, धोका अगदी समोर असेल आणि बोलण्याने तो टळत नसेल, तर संमतीशिवायही मदत पाठवली जाते. मात्र अशी वेळ दोन टक्क्यांहून कमी संभाषणांत येते. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. मदत पाठवण्यात चूक झाली तर माफी मागता येते, न पाठवण्यात झाली तर कोणाकडे मागायची? पण पहिल्या बाजूचे एक म्हणणे मी पूर्ण मान्य करते: जे करणार ते लपवून करू नये. कोणत्याही हेल्पलाइनने संभाषणाच्या सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगावे की काय गोपनीय राहील, कोणत्या परिस्थितीत दुसऱ्याला कळवावे लागेल, आणि तसे करण्याआधी तुम्हाला सांगितले जाईल. हीच दोन वाक्ये जाहिरातीच्या फलकावर क्रमांकाच्या खाली छापलेली मला हवी आहेत.

सेवेची मर्यादाही लिहायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या नोंदींप्रमाणे देशात 1,70,924 व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. सर्वाधिक, 22,746, महाराष्ट्रात. देशातील या मृतांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वाटा 26.4 टक्के होता. चादर-टॉवेलचे यंत्रमाग आणि विड्या वळणारे हात यांवर ज्या शहराच्या निम्म्या पेठा उभ्या राहिल्या, त्या सोलापुरात हा आकडा वाचताना ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हा शब्द अपुरा पडतो. मागाची पाळी बंद झालेल्या आणि तीन ठिकाणचे हप्ते अंगावर असलेल्या कामगारापुढे निवड म्हणून नेमके काय उरलेले असते? मजुरी वाढवणे, कर्जाची फेररचना करणे, नवऱ्याची मारहाण थांबवणे हे फोनवरच्या समुपदेशकाच्या हाती नाही. 21 नोव्हेंबर 2022 रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरणाने 2030 पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते केवळ समुपदेशनाच्या बळावर गाठता येईल असे मला वाटत नाही. ज्यांना माणसाच्या स्वायत्ततेची खरी काळजी आहे, त्यांनी मरण्याच्या स्वातंत्र्याइतकीच चर्चा अशा माणसाच्या जगण्यातल्या पर्यायांची करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

वापरणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. हा फोन त्रासात असलेल्या व्यक्तीनेच करावा असे नाही. काळजीत पडलेले आईवडील, मित्र, शिक्षक यांनाही कसे बोलावे हे विचारता येते. 14416 लागला नाही तर 1800-891-4416 हा दुसरा मोफत क्रमांक आहे. फोन एकांतात करता येईल अशी जागा आधी शोधावी. एका खोलीत सहा जण राहणाऱ्या घरात हीच मोठी अडचण असते, आणि आमच्या वसतिगृहात आता कार्यालयाशेजारची एक खोली त्यासाठी कुलूप न लावता ठेवलेली असते. प्रत्यक्ष तपासणी लागली तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मनोविकार विभाग आहे. सोबत कोणी तरी जावे, पण तपासणीच्या खोलीत जायचे की नाही हे ज्याला त्रास आहे त्याला विचारावे.

माझ्याकडे कोणी अशा अवस्थेत आले तर मी 14416 पुन्हा लावीन, आणि लावण्याआधी पुन्हा विचारीन. ज्या वसतिगृहांनी, कारखान्यांनी आणि विडी कामगारांच्या वसाहतींनी हा क्रमांक अजून फलकावर लिहिलेला नाही, त्यांनी तो मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांत लिहून लावावा, आणि त्याखाली ‘यामुळे पोलीस केस होत नाही’ हे वाक्य न विसरता लिहावे.